भिजक्या वहीचा माग

जुन्या गोव्याच्या बॉम जीझस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह चांदीच्या पेटीत ठेवलेला आहे. ते वारले १५५२ साली. अजूनही दर दहा वर्षांनी ती पेटी खाली उतरवतात, तेव्हा लाखो माणसं रांगा लावतात. एका बाईला भक्ती इतकी अनावर झाली की पायाचं चुंबन घेता घेता तिनं बोटच तोडून नेलं, अशी गोष्ट तिकडे सांगतात. श्रीलंकेत कँडीला बुद्धाचा दात आहे. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यात पैगंबरांचा केस आहे. २७ डिसेंबर १९६३ रोजी तो नाहीसा झाला आणि ऐन थंडीत काश्मीर रस्त्यावर उतरलं. ४ जानेवारीला तो मिळाला, तरी हा तोच केस आहे असं जाणत्या माणसांनी पाहून सांगेपर्यंत लोकांचं समाधान झालं नाही.

जगभर माणसाची भक्ती अशी काहीतरी हाताला लागावं म्हणून धडपडते. आमच्या देहूत मात्र मोठीच पंचाईत आहे. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. म्हणजे मागे दात नाही, केस नाही, अस्थी नाहीत आणि आळंदीसारखी समाधीही नाही. १६५० सालच्या फाल्गुन वद्य द्वितीयेला त्यांनी जाताना सगळंच बरोबर नेलं. मागे राहिला तो कागद.

त्या कागदाची गोष्ट महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला, वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडवाव्या लागल्या, तुकोबा काठावरच्या शिळेवर अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या. पुढे रामेश्वर भट तुकोबांचे शिष्य झाले. ज्या शिळेवर हे तेरा दिवस गेले तिच्यासाठी देहूत आता दगडी मंदिर उभं आहे; १४ जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. शिळेचा ठावठिकाणा असा पक्का आहे. आमचा शोध होता वहीचा.

आमचा म्हणजे माझा आणि माझ्या मामांचा. मामांनी उभी हयात पिंपरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला काढली. गळ्यात तुळशीची माळ, खिशात व्हर्नियर कॅलिपर, अशी ही मूर्ती. निवृत्त झाल्यावर माळ राहिलीच, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे तपासणीच्या नजरेनं बघायची सवयही राहिली. देहूच्या देवळात तुकोबांच्या हातची म्हणून एक वही पिढ्यान्पिढ्या जपली आहे आणि तिला ‘भिजकी वही’ म्हणतात, हे त्यांनी एका कीर्तनात ऐकलं आणि त्यांची झोप उडाली.

“वह्या कोरड्या आल्या म्हणतात ना? मग ही भिजली कशी?” त्यांनी मला सकाळी सकाळी फोन करून विचारलं.

“मामा, डाग राहिला असेल पाण्याचा.”

“असेल नाही. बघितलं पाहिजे. अस्सल नग बघितल्याशिवाय मी शिक्का मारत नाही. गाडी काढ.”

भक्ताला शंका येऊ नये, असं आपल्याकडे उगाच मानतात. मामांची शंका जिव्हाळ्यातून आलेली होती. ज्याच्यावर आपला जीव आहे त्या वस्तूबद्दलच माणूस इतका बारकाईनं विचारतो. मी गाडी काढली.

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून देहूचा रस्ता धरला की दोन जगं एकमेकांना खेटून चालतात. एका बाजूला गाड्यांचे सुटे भाग वाहणारे टेम्पो आणि दुसऱ्या बाजूला खांद्यावर पताका घेतलेले वारकरी. आम्ही गेलो ती एकादशी होती, त्यामुळे देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. रांगेला स्वतःची अशी गती असते. तिच्यात माणूस चालत नाही, पुढे ढकलला जातो. मामांनी वही कुठे ठेवली आहे हे विचारायला तोंड उघडावं आणि स्वयंसेवकानं “पुढे चला माउली, पुढे चला” म्हणावं, असं होत होत आम्ही विठोबाचं दर्शन घेऊन दुसऱ्या दारानं बाहेर पडलोसुद्धा. शेवटी मामांनी एका स्वयंसेवकाचा हातच धरला.

“माउली, वही कुठं बघायला मिळेल?”

“गाथा ना? बाहेर दुकानात आहे. मोठ्या टाइपातली घ्या, डोळ्यांना बरी पडते.”

त्या मुलाची काहीच चूक नव्हती. त्याच्या लेखी वही म्हणजे गाथा आणि गाथा म्हणजे वाचायची वस्तू. ती कोणी नुसती बघायला कशाला येईल? नदीकाठच्या नव्या गाथा मंदिरात तर चार हजारांहून अधिक अभंग भिंतींवर कोरून ठेवले आहेत. तिथे बुडण्याची भीतीच नाही. मामा त्या भिंतींपुढे हात मागे बांधून बराच वेळ फिरले, एका ओळीतल्या वेलांटीशी थांबले, खिशातला छोटा गाथा काढून ताडून पाहिली आणि “बरोबर आहे” म्हणून पुढे सरकले.

घाटावर बसलो तेव्हा आम्हाला देहूपर्यंत लिफ्ट मागून आलेला एक तरुण रिक्षावाला शेजारी येऊन टेकला. त्याची रिक्षा फायनान्सवर होती आणि ती दुरुस्तीला पडलेली होती. मामांनी त्याला इंद्रायणीची दुसरी गोष्ट सांगितली, जी महिपतीबुवांनी लिहून ठेवली आहे आणि जी लोक पहिल्या गोष्टीच्या मानानं कमी सांगतात. वह्या बुडवायच्या कितीतरी आधी तुकोबांनी स्वतःच्या हातानं याच डोहात कागद सोडले होते. ती होती सावकारीची खतं. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाटणीची अर्धी त्याला दिली आणि आपली अर्धी पाण्यात.

“काका, मग मी पण माझ्या गाडीचे कागद सोडतो,” रिक्षावाला उठूनच बसला.

“अरे, नीट ऐक. ज्यांचं देणं होतं त्यांचे कागद नाही बुडवले त्यांनी. ज्यांच्याकडून येणं होतं, त्यांचे बुडवले.”

रिक्षावाला थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “असं होय. मग हे कागद माझ्या फायनान्सवाल्यानं टाकायला पाहिजेत.”

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. पण ती गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. इंद्रायणीला तुकोबांकडून दोनदा कागद मिळाले. खतं तिनं ठेवून घेतली आणि अभंग परत दिले. जे बुडायला हवं होतं ते बुडालं, जे तरायला हवं होतं ते तरलं. दुष्काळात होरपळलेल्या कुळांची नावं ज्या कागदांवर होती ते कोणी शोधायला निघत नाही, आणि हाच त्या बुडवण्याचा खरा विजय आहे. नदीच्या न्यायबुद्धीवर आपल्या पूर्वजांचा एवढा विश्वास होता. त्याच नदीच्या पाण्यावर आज आळंदीला पांढरा फेस तरंगताना दिसतो, हे आपलं देणं आहे आणि ते कुठल्याही डोहात बुडवता येणार नाही.

वहीचा माग सापडला तो चहाच्या टपरीवर. एका वयस्क वारकऱ्यानं मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि कान पकडून शिकवल्यासारखं सांगितलं, “वही काय शोधता? लिहिणारा शोधा. लिहिणारा चाकणचा. सुदुंबऱ्याला जा.”

तुकोबांच्या कीर्तनात मागे उभे राहणारे चौदा टाळकरी होते. त्यांतले दोघे अभंग लिहून घेत, असं परंपरा सांगते. एक कडूसचे गंगारामपंत मवाळ आणि दुसरे चाकणचे संताजी जगनाडे. संताजी जातीनं तेली. घाणा चालवायचा, तेल विकायचं, हिशेब ठेवायचा. चाकणला तुकोबांचं कीर्तन ऐकलं आणि हा हिशेबी माणूस त्यांच्या मागे निघाला. वह्या बुडाल्यानंतर ज्यांना जे अभंग पाठ होते ते त्यांच्याकडून ऐकून संताजींनी पुन्हा लिहून काढले, असं सांगतात. म्हणजे वर आकाशाकडे डोळे लावून गुरू शिळेवर बसला होता, तेव्हा खाली गावोगाव कामाला लागणारा एक माणूस होता.

येलवाडीच्या बाजूनं तळेगाव-चाकण रस्त्याला लागलो की डाव्या हाताला भंडारा डोंगर दिसतो. तुकोबा जिथे एकांतात बसत तो हा डोंगर. तिकडे पलीकडे, शिंदे वासुलीकडचा भामचंद्र डोंगर तर आता कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडांनी वेढला गेला आहे. एका सुट्या भागाला तडा गेला की अख्खी लाइन थांबवणारे लोक त्या शेडांत काम करतात. डोंगराच्या अंगावर घाव पडतो तेव्हाही लाइन थांबली पाहिजे, असं मामा म्हणाले. माझ्या मते यात अध्यात्माइतकाच साधा कामाचा शहाणपणा आहे.

सुदुंबऱ्यात संताजींची समाधी आहे. मार्गशीर्षात तिथे पुण्यतिथीला महाराष्ट्रभरातून लोक येतात. गावात शिरताना एक पाटी दिसली आणि मामांनी गाडी थांबवायला लावली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन, म्हणजे महापुरात बोटी घेऊन उतरणारे एनडीआरएफचे जवान, याच गावात असतात. बुडालेल्या वह्या वर काढणाऱ्या माणसाच्या गावात बुडणाऱ्या माणसांना वर काढणाऱ्यांचं ठाणं! हा योगायोग आहे हे मला कळतं. पण मामांनी त्या फाटकाकडे बघून हात जोडले आणि पहाऱ्यावरच्या जवानानं, आपल्याला कोण ओळखीचं भेटलं हे न समजून, तितक्याच आदरानं सलाम ठोकला.

समाधीपाशी तिथल्या एका बाबांनी आम्हाला संताजींच्या शेवटाची गोष्ट सांगितली. संताजी आणि तुकोबा यांचं एकमेकांना वचन होतं: जो मागे राहील त्यानं आधी जाणाऱ्याला मूठमाती द्यायची. तुकोबा आधी गेले आणि तेही सदेह, त्यामुळे माती द्यायचा प्रश्नच उरला नाही. पुढे संताजी गेले. लोकांनी माती टाकायला सुरुवात केली. सगळं अंग झाकलं, पण चेहरा काही केल्या झाकेना. टोपल्या रिकाम्या झाल्या. मग रात्री वैकुंठाहून तुकोबा आले, त्यांनी तीन मुठी माती टाकली आणि चेहरा झाकला गेला.

“तीन मुठी,” मामा म्हणाले. “बघ, मोजून.”

मला या गोष्टीत तुकोबांच्या येण्यापेक्षा त्यांच्या येण्याचं कारण मोठं वाटतं. लोकांच्या कल्पनेनं त्यांना वैकुंठातून खाली आणलं ते कोणासाठी? राजासाठी नाही, पंडितासाठी नाही. लिहून घेणाऱ्यासाठी. ज्यानं शब्द हातचे जाऊ दिले नाहीत त्याला मातीच्या हवाली करायला प्रत्यक्ष कवी आला. नक्कल उतरवणाऱ्याचा इतका मोठा सन्मान करणारी आख्यायिका माझ्या माहितीत दुसरी नाही.

बाबा म्हणाले, जन्माचं ठिकाण चाकणला आहे, तिकडे जाऊन या. मी फोनवर संताजींचं नाव टाकलं आणि आवाज सांगेल तसा वळत गेलो. त्या आवाजानं आम्हाला कंटेनरच्या रांगेतून, खराबवाडीच्या खड्ड्यांतून नेऊन एका मोठ्या कंपनीच्या लोखंडी फाटकासमोर उभं केलं आणि ‘तुम्ही पोहोचला आहात’ असं जाहीर केलं. फाटकावरचा सुरक्षारक्षक बोलण्यावरून मराठवाड्याकडचा वाटत होता.

“कुणाला भेटायचंय?”

“संताजी जगनाडे,” मामांनी खणखणीत सांगितलं.

त्यानं यादीवरून बोट फिरवलं. “डिपार्टमेंट?”

“लिहिण्याचं.”

“म्हणजे डॉक्युमेंटेशन.” बोट पुन्हा यादीवरून फिरलं. “पर्मनंट का कॉन्ट्रॅक्टवर?”

“पर्मनंट,” मामा म्हणाले. “साडेतीनशे वर्षं झाली.”

त्याचं बोट थांबलं. वर बघितलं तर त्याच्या कपाळावर बुक्क्याचा ठिपका! तो मामांच्या पाया पडला, मामा त्याच्या पाया पडले. वारकऱ्यांची ही रीतच आहे. समोरच्याचं वय, हुद्दा, युनिफॉर्म काही आड येत नाही. “माउली, ते गावठाणात. ही एमआयडीसी,” त्यानं हसत रस्ता समजावला. पण तेवढ्यावर सोडलं नाही. फाटकापर्यंत आलेल्या प्रत्येकाची नोंद करायचा नियम होता. त्यानं रेघा मारलेलं रजिस्टर पुढे केलं: अनुक्रमांक, नाव, गाव, गाडी नंबर, कोणाकडे, येण्याचे कारण, वेळ, सही. मामांनी ‘कोणाकडे’ या रकान्यात ठळक अक्षरात ‘श्रीसंत संताजी महाराज’ लिहिलं आणि ‘येण्याचे कारण’मध्ये ‘वही पाहणे’. शेजारच्या ओळीत कोणी ‘कॉम्प्रेसर दुरुस्ती’ लिहिलं होतं, खाली ‘कँटीन भाजी’. सुरक्षारक्षकानं ती नोंद नीट वाचली, वेळ टाकली आणि सही केली.

चाकणचं गावठाण वेगळंच. संग्रामदुर्गाच्या तटाचे उरलेले तुकडे, चक्रेश्वराचं देऊळ, बाजारात कांद्याचा वास. १६६० साली शाहिस्तेखानानं या किल्ल्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने लढवला. ज्या पेठेत तोफा वाजल्या, सुरुंग उडाला, त्या पेठेतल्या घराण्यात वही टिकली. कागद टिकणं ही काय चीज आहे हे त्यावरून कळावं. तो कागद चिंध्या कुटून हातानं बनवलेला असे. जवळच्या जुन्नरचा कागद त्या काळी नावाजलेला होता. लेखणी बोरूची, शाई काजळाची आणि डिंकाची. काजळाचा कण पाण्यात विरघळत नाही आणि उन्हानं सहसा विटत नाही. पण त्याला कागदावर धरून ठेवणारा डिंक पाण्यानं सुटतो. म्हणून भिजलेलं पान अलगद सोडवून वाळवलं तर अक्षर राहतं, घाईनं पुसलं तर अक्षरच पुसलं जातं. चिंध्यांचा कागद कसलेला, काजळ कसलेलं. उरतो तो हाताळणाऱ्याचा हात.

त्या रात्री आम्ही चाकणलाच जेवलो. मामांनी पिठलं-भाकरीच्या ताटावर मला त्यांच्या जुन्या खात्याचा धडा दिला. कारखान्यात एक मास्टर पीस असतो. तो वातानुकूलित खोलीत, कुलपात. रोजच्या कामाला त्याला कोणी हात लावत नाही, कारण हात लागला की झिजतो. ड्रॉइंगचंही तसंच. मूळ ड्रॉइंग तिजोरीत राहतं आणि मशीनवर जाते ती ‘कंट्रोल्ड कॉपी’ असा शिक्का मारलेली प्रत. त्या प्रतीवर ज्याची सही, तो तिला जबाबदार. “गाडी चालते ती मास्टर पीसवर नाही रे,” मामा म्हणाले, “प्रतीवर चालते. संताजींनी सही केली म्हणून आपली गाडी चालू आहे.” त्यांच्या आवाजात त्या वेळी जो अभिमान होता, तो एका तपासनिसाला दुसऱ्या तपासनिसाबद्दल वाटणारा होता.

कडूसला गेलो तेव्हा वेगळीच गंमत झाली. राजगुरुनगरच्या बाजूचं हे गाव. मवाळांच्या वहीचं गाव. पारावर चारपाच जण बसले होते. दोन अनोळखी माणसं ‘जुने कागद’ विचारत गाडीवरून आली म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे एकदम वेगळ्या नजरेनं पाहिलं. या पट्ट्यात जुने कागद विचारणारा माणूस एकाच कामाला येतो.

“किती गुंठे बघताय?” एकानं थेट विचारलं.

“गुंठे नाही, वही.”

“फेरफाराची का? तलाठी भाऊसाहेब आज नाहीत.”

तुकोबांच्या अभंगांची वही, असं मामांनी सांगितलं तेव्हा पारावरचे चेहरे क्षणात सैल झाले. एकानं चहा सांगितला, दुसऱ्यानं भजनातली पेटी कशी बिघडली आहे ते सांगितलं, तिसऱ्यानं गंगारामपंतांचं नाव घेऊन कानाला हात लावला. जमिनीच्या कागदांवरून भावाभावांत दावे चालू असलेल्या गावांत असा एक कागद आहे की ज्याच्यावर सगळ्यांचा समान हक्क आहे आणि ज्याची वाटणी कोणीच मागत नाही. तुकोबांनी खतं का बुडवली, हे मला देहूच्या घाटापेक्षा कडूसच्या पारावर जास्त कळलं.

वह्यांचा पुढचा प्रवास मी घरी येऊन पुस्तकांतून जुळवला. मुंबई सरकारनं २४,००० रुपये मंजूर केले आणि १८६९ ते १८७३ या काळात विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा छापून काढला. त्यासाठी त्यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या प्रती समोर ठेवून एकेक पाठ ताडून पाहिला. त्यात साडेचार हजारांवर अभंग आले. पुढे, ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे जगनाड्यांच्या वह्यांपर्यंत पोहोचले आणि १९१९च्या सुमारास त्यांनी ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १,३०० अभंग. आणि देहूची भिजकी वही? दिलीप चित्रे यांनी तुकोबांच्या इंग्रजी अनुवादाच्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे की विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यात सातशेच्या आसपास अभंग होते, आता अडीचशेच्या आसपास उरले आहेत.

हे आकडे मी मामांपुढे ठेवले. साडेचार हजार, तेराशे, अडीचशे. मला वाटलं, तपासनीस आता खवळणार. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

युरोपात सोळाव्या शतकात कॅल्विन नावाच्या धर्मसुधारकानं ख्रिस्ताच्या क्रुसाच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या लाकडाच्या तुकड्यांबद्दल लिहिलं होतं की ते सगळे एकत्र केले तर एका जहाजाचा माल होईल. त्याचा मुद्दा तिथे रास्त होता. क्रूस एकच होता. दात एकच असतो. हाडाचे दोन दावेदार निघाले की एक तरी खोटा ठरतो, म्हणून तिथे भांडणं होतात, पहारे बसतात. वहीचं तसं नाही. देहूची, चाकणची, कडूसची, तळेगावची अशा चार वह्या निघाल्या तर त्या एकमेकींना खोटं पाडत नाहीत, एकमेकींच्या साक्षीला उभ्या राहतात. एकीत घसरलेला शब्द दुसरीत सापडतो. पंडितांनी १८६९ साली हेच केलं. हाड वाटलं की कमी होतं, अभंग लिहून घेतला की वाढतो. इतर ठिकाणी भक्त पवित्र वस्तूला स्पर्श करायला जातात. आमच्याकडच्या भक्तानं बोरू उचलला आणि ती पुन्हा तयार केली. संताजी जगनाड्यांचं मोठेपण मला इथे दिसतं.

आणि म्हणूनच सातशेचे अडीचशे झाले हा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही. प्रती आहेत म्हणून मूळ पानं झिजली तरी चालतील, असं मास्टर पीस सांभाळणारा कोणीही म्हणणार नाही. प्रतीत चूक शिरली की जायचं कुठे? मुळाकडेच. तेरा दिवसांत नदीनं जेवढी पानं नेली नाहीत तेवढी पानं आपल्या एका शतकानं नेली, ही गोष्ट वारकऱ्यांनी आणि वारकरी नसलेल्यांनीही मनाला लावून घेतली पाहिजे.

मामा शेवटी बोलले ते कामाचंच बोलले. या पट्ट्यात केसाच्या जाडीचा अंश मोजणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. धातूवरचा डोळ्याला न दिसणारा ओरखडा टिपणारे कॅमेरे आहेत. तापमान आणि आर्द्रता अर्ध्या अंशानंही हलू न देणाऱ्या खोल्या आहेत. त्या खोल्यांत बेअरिंगं ठेवतात. भिजक्या वहीचं, संताजींच्या वह्यांचं, कडूसच्या वहीचं एकेक पान याच साधनांनी टिपून घ्यावं, मोठ्या आकारात सर्वांसाठी खुलं करावं आणि मूळ पानं जाणत्या संवर्धकांच्या हाती, योग्य हवेत ठेवावीत. वंशजांच्या आणि देवस्थानाच्या मायेला धक्का न लावता हे होऊ शकतं. मायेचंच हे पुढचं काम आहे. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या शाळांतल्या मुलांनी त्या चित्रांवरून वर्षातून एकदा एक तरी पान हातानं उतरवून काढावं, खाली स्वतःची सही करावी. असं पत्र मामांनी लिहिलं आहे. देवस्थानाला, महापालिकेला, औद्योगिक संघटनांना, विद्यापीठाला. प्रत्येक पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवली आहे आणि प्रत्येक प्रतीवर त्यांचा जुना शिक्का आहे: तपासले, बरोबर आहे.